वाईचं जुनं घर: विकावं, ठेवावं की राहायला जावं?

ओसरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. आमचं घर वाईला, गंगापुरीत. आजोबांनी १९५१ मध्ये स्वतःच्या पैशाने घेतलेलं. पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, परसात आड. आजोबा १९७८ मध्ये गेले, मृत्युपत्र वगैरे काही नाही. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून आई माझ्याकडे पुण्यात आहे आणि घर बंद. भाऊ नाशिकला. तो म्हणतो विकून टाकू, दरवर्षी कौलांवर आणि घरपट्टीवर खर्च कोण करणार. शेजारचे घ्यायला तयार आहेत, शिवाय एका एजंटने मुंबईची पार्टी आणलीये, त्यांना शनिवार-रविवारसाठी घर हवंय.

माझं वय ५४, पुढच्या वर्षी नोकरी सोडायचा विचार आहे. आणि मनात सारखं येतं की आपणच जाऊन राहावं का? नवरा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. छोट्या गावात राहायला गेलेल्यांनी खरंखरं सांगा, आणि अशी जुनी घरं विकलेल्यांनीही. प्रॉपर्टी कार्डावर बाबांचं नाव आहे त्यामुळे कागदाचा प्रश्न नाही, प्रश्न मनाचा आहे.

पायवाट
विकू नका. एकदा विकलं की गावाला जायचं कारणच संपतं. आमचं विकून बारा वर्षं झाली, आता गावावरून जाताना एस.टी. थांबते तरी खाली उतरवत नाही मला.

चहाटळ
वाईत घर आणि विकायचं? ओसरी शूटिंगवाल्यांना भाड्याने द्या, घरपट्टी तेच भरतील आणि तुम्ही सिरियलमध्ये तुमचीच ओसरी बघा :)

ओसरी
@चहाटळ, विचारायला आले होते हो खरंच! पण आमच्या बोळात टेम्पो वळत नाही, त्यांची जनरेटरची गाडी तर लांबच.

कागदोपत्री
ताई, मी भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. कार्डावर बाबांचं नाव आहे म्हणता, त्या नावापुढे काय लिहिलंय ते बघा. ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. असं काही आहे का? आणि आजोबांना मुलं किती होती? मुलीसुद्धा धरून सांगा.

रातराणी
आम्ही पाच वर्षांपूर्वी ठाण्याहून एका तालुक्याच्या गावी गेलो म्हणून लिहिते. पहिले सहा महिने स्वर्ग. सकाळी अंगणात चहा, भाजीवाली दारात, गाडी लावायला जागा. मग हळूहळू कळायला लागतं. सासऱ्यांच्या छातीत रात्री दोनला दुखायला लागलं तेव्हा गावात ईसीजी काढणारं कुणी उघडं नव्हतं, पन्नास किलोमीटर गाडी मारली. ते वाचले, पण तो रस्ता मी विसरणार नाही. त्यानंतर आम्ही काय केलं तर रात्री कुठला डॉक्टर दार उघडतो, अँब्युलन्स किती वेळात येते, जवळचं अँजिओग्राफीचं हॉस्पिटल कुठे, सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. हे काम घर घ्यायच्या आधी करायचं असतं, आम्ही नंतर केलं.

दुसरं म्हणजे नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. साठवायला टाकी लागते. नेट मात्र झकास, फायबर आलंय, माझी अर्धी नोकरी त्यावर चालते.

आणि एकटेपणा म्हणाल तर उलट आहे. माणसं इतकी येतात की दुपारची झोप गेली. पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही कोणाच्या?" तुम्हाला तो त्रास नाही, तुमचं नाव तिथे आधीच माहीत आहे. आम्हाला उत्तर द्यायला दोन वर्षं लागली.

भरदुपार
@रातराणी शी पूर्ण सहमत नाही. छोट्या गावात डॉक्टर नाही हे सरसकट खरं नाही, वाईहून सातारा जवळ आहे आणि पुणं दोन-अडीच तासांवर. कोणतं छोटं गाव यावर सगळं आहे. हायवेपासून किती आत, हे एकच बघा.

रातराणी
अंतर दिवसा मोजू नका एवढंच सांगते.

वाशिष्ठी
चिपळूणहून बोलते. आमच्याकडे घर घेताना लोक काय बघतात? हॉल केवढा, टेरेस आहे का. २२ जुलै २०२१ ला पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं, २००५ च्या जुलैतही आलं होतं. सोळा वर्षांत लोक विसरले आणि मधल्या काळात त्याच पट्ट्यात बिल्डिंगी झाल्या. नदीकाठच्या कुठल्याही गावात घर घेणाऱ्याने पाटबंधारे खात्याच्या पूररेषेचा नकाशा नगरपरिषदेत बघावा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत असेल तर स्वस्त मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका. आणि नकाशापेक्षा खरं काय असतं तर समोरच्या दुकानदाराला विचारायचं, पाणी कुठल्या फळीपर्यंत आलं होतं. तो हात वर करून दाखवतो. आमच्या मेडिकलवाल्याने भिंतीवर ऑइलपेंटची रेघच मारून ठेवलीये.

ओसरीताई, गंगापुरी कृष्णेच्या अगदी काठाला ना? तुम्ही विकायला निघालात तर घेणारा हे विचारणार, आधीच उत्तर तयार ठेवा.

ओसरी
@वाशिष्ठी, घाटावर पाणी येतं, आमच्या पायरीपर्यंत आलेलं मी पाहिलंय, आत नाही. पण रेषा कुठून जाते ते खरंच बघितलं नाहीये. बघते.

@कागदोपत्री काका, कार्ड काढून बघितलं. बाबांच्या नावापुढे ए.कु.मॅ. असंच आहे, १९७९ ची नोंद. मला वाटायचं ते कुठल्या तरी ऑफिसचं नाव आहे. आजोबांना दोन मुलं, बाबा आणि आत्या. आत्या मिरजेला असते, ८१ वर्षांची. आजी १९९० मध्ये गेली.

कागदोपत्री
ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. वडील गेले की थोरल्या मुलाचं नाव असं लावायची तेव्हाची सर्रास पद्धत होती. त्याचा अर्थ तुमचे बाबा एकटे मालक झाले असा नाही, ते सगळ्यांच्या वतीने नाव लावून बसले होते. नोंदीने मालकी तयार होत नाही ताई.

आता हिशोब करू. घर आजोबांच्या कमाईचं, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी तिघं सारखे वारस, एक-एक तृतीयांश. आजी गेल्यावर तिचा तृतीयांश मुलगा आणि मुलीत निम्मा-निम्मा, तिचंही मृत्युपत्र नसेल तर. म्हणजे शेवटी काय झालं? अर्धं घर बाबांचं आणि अर्धं आत्याबाईंचं. बाबांच्या अर्ध्यात तुम्ही, भाऊ आणि आई, प्रत्येकी एक षष्ठांश.

लोकांना वाटतं मुलींचा हक्क २००५ मध्ये आला. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने मिळणाऱ्या हक्काबद्दल आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. तुमची गोष्ट त्याहून सरळ आहे. स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी १९५६ पासूनच बरोबरीची आहे.

तुम्ही तिघांनी शेजाऱ्यांना खरेदीखत करून दिलं तर ते तुमच्या अर्ध्यापुरतंच. घेणाऱ्याचा वकील मालकीच्या मागच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च काढेल, पेपरात जाहीर नोटीस देईल आणि तिथेच गाडी अडेल. वकिलाला सगळे कागद दाखवा, मी सांगतोय ते त्याच्याकडून पक्कं करून घ्या.

ओसरी
काका, दोनदा वाचलं. अर्धं? आत्याने आजवर घराबद्दल एक शब्द काढला नाही. भावाला फोन केला तर तो म्हणाला तिच्याकडून हक्कसोड करून घेऊ, ती कुठे नाही म्हणणारे.

भरदुपार
बरोबर आहे भावाचं. सगळीकडे असंच करतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, जवळच्या नात्यात मुद्रांक नाममात्र लागतो, मग फेरफार, म्हणजे कार्डावरची नावं बदलून घ्यायची. एका महिन्याचं काम आहे. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही एवढं लक्षात ठेवा.

सांजवात
मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहिते. मी अशीच कुणाची तरी आत्या आहे.

१९९८ साली मे महिन्यात भावाचा निरोप आला, सही करायला ये. मी गेले. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं, कागद पुढे ठेवला, अंगठ्याला शाई लावली, मी शिकलेली असूनही सहीसोबत अंगठा लागतो म्हणाले. कागदावर काय आहे ते मला कुणी वाचून दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही, भावापुढे चष्मा काढून वाचत बसणं बरं दिसत नाही असं वाटलं. नंतर घरी नेलं, वहिनीने साडी दिली, ओटी भरली. घर विकल्याचं मला पुढच्या वर्षी लग्नात एका पाहुण्यांकडून कळलं.

मला पैसे नको होते. आजही नकोत. पण विकायच्या आधी एकदा तरी म्हणायचं होतं की ये, चार दिवस राहून जा. आईच्या हातचं कुंकवाचं पंचपाळं त्या कोनाड्यात असायचं, ते कुठे गेलं ते मला अजून माहीत नाही.

ओसरी, तुझी आत्या नाही म्हणणार नाही. म्हणूनच आधी जाऊन विचार.

पायवाट
सांजवात मावशी, नमस्कार घ्या.

रातराणी
हे वाचून मी माझ्या नणंदेला फोन लावला. एवढंच लिहिते.

माळवद
मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे प्रश्न वेगळा. जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत पंखा लागत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तेच वजन माणसांवर आलं. तेव्हापासून माझी आई माळवदाखाली झोपत नाही. आम्ही शेवटी माळवद काढून पत्रे टाकले, घर वाचलं पण उन्हाळ्यात भाजतं. जुनं घर राखायचं म्हणणाऱ्यांनी आधी भिंत बघावी, भिंतीचं पोट पुढे आलंय का, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे कुजलंय का. टोकाला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीये.

वाशिष्ठी
कौलांचंही सांगा कुणीतरी. आमच्याकडे माकडांनी यंदा दोनशे कौलं फोडली. कौलं चाळणारी माणसंच मिळत नाहीत, जो मिळतो तो सत्तरीचा.

चहाटळ
आमच्या गावात माकडं कौलं फोडत नाहीत, वायफायच्या वायरवर बसतात. प्रगती म्हणतात ती हीच.

भरदुपार
वाईत माकडं आहेत का?

ओसरी
आहेत हो, भरपूर. आई काठी घेऊन बसायची.

बोरूबहाद्दर
विकायच्या बाजूने कुणी पैशाचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचं कराडजवळचं घर मागच्या वर्षी विकलं, त्यात जे शिकलो ते असं.

शेजाऱ्याइतका चांगला गिऱ्हाईक नसतो कारण त्याला सामाईक भिंतीचा, पावसाच्या पाण्याचा, परसातल्या वाटेचा प्रश्न कायमचा मिटवायचा असतो, पण त्याला हेही माहीत असतं की तुम्हाला घाई आहे. घाई दाखवू नका. बाहेरची पार्टी जास्त बोलते आणि ऐनवेळी गळते. आमची तीनदा गळली, इसार देतो देतो म्हणत.

रोखीत अर्धे घ्या असा आग्रह होतो छोट्या गावात, सर्रास. घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर आयकराचा दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. आणि ते अर्धे पैसे पुढे बँकेत दाखवणार कसे?

आयकर: घर जुनं असल्याने १ एप्रिल २००१ चं मूल्य हीच खरेदीची किंमत धरून नफा काढतात, त्यासाठी सरकारमान्य मूल्यांकनकाराचा दाखला आधीच करून ठेवा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला साडेबारा टक्के कर, महागाईची सूट न धरता. पण त्या तारखेआधीचं घर असेल तर निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, महागाई धरून २० टक्क्यांनी हिशोब करून जो कमी बसेल तो भरता येतो. दोन्ही हिशोब सीएकडून करून घ्या. आमच्याकडे २००१ चं मूल्य नीट निघाल्याने कर जवळजवळ आलाच नाही. एकूण किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, तो भरला की नाही ते बघा.

आणि खरेदी करणाऱ्यांसाठी, महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, २०२१ पासून. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर जात नाही.

पायवाट
आणि ज्यांचं घर नगरपालिका हद्दीत नाही, गावठाणात आहे त्यांनी? आमच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा सोडून काहीच नव्हतं.

कागदोपत्री
नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा कागद आहे, त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. म्हणूनच २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाण मोजून प्रत्येक घराला मिळकत पत्रिका द्यायची. बऱ्याच गावांत झालंय. तुमच्या गावचं कार्ड तयार असेल तर नाव, हद्द, क्षेत्रफळ तपासा. मोजणीच्या वेळी शेजाऱ्याने दाखवलेली हद्द तशीच लागून गेलेली मी पाहिलीये, कारण घरमालक मुंबईत आणि दाराला कुलूप.

माळवद
आणि जुना भाडेकरू असेल तर? आमच्या चुलत्यांच्या वाड्यात पुढच्या दोन खोल्यांत तिसरी पिढी आहे, भाडं महिना चाळीस रुपये.

बोरूबहाद्दर
त्याच्याशी बोलून, काही देऊन खोल्या मोकळ्या करून घ्या किंवा त्यालाच विका. कोर्टात गेलात तर तुमची तिसरी पिढी बघेल निकाल.

ओसरी
सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. विचारल्याशिवाय राहवलं नाही, सांजवात मावशींचं वाचल्यावर दुसऱ्याच रविवारी भावाला घेऊन मिरजेला गेले. आत्याला सगळं सांगितलं, अर्धं घर तुझं आहे हेही. भाऊ शेजारी बसून होता, त्याला ते मान्य करताना जड गेलं पण त्याने ऐकलं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सही करते गं, पण मला एकदा वाईला ने."

मागच्या शनिवारी नेलं. घर उघडलं तर आत तो बंद घराचा वास. आत्या काठी टेकत ओसरीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्यापासून दोन पावलांवर थांबली. फरशीवर काठी आपटली. टक टक. मग एक पाऊल सरकून परत. या वेळी आवाज पोकळ आला. म्हणाली, "इथे उखळ आहे." मला काहीच माहीत नव्हतं. जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, आजी आणि आत्या समोरासमोर बसून पोहे कांडायच्या. बाबांनी १९८३ मध्ये शहाबादी घातली तेव्हा उखळ न काढता वरून फरशी टाकून बुजवलं. आत्या तेव्हा मिरजेत होती, पण तिला जागा बोटभर चुकली नाही.

भाऊ गुडघ्यावर बसून त्या फरशीवर टिचक्या मारत राहिला. मग त्यानेच विचारलं, "आत्या, तू चार दिवस राहतेस का इथे?"

तर सध्या असं ठरलंय. आधी वारस नोंद करून कार्डावर चौघांची नावं लावायची, आत्याचं, आईचं, माझं, भावाचं. हक्कसोड आत्ता नाही. शेजाऱ्यांना तसं स्पष्ट सांगितलं, ते जरा नाराज झाले. मी आणि नवरा पावसाळ्यात दोन महिने राहून बघणार आहोत, कौलं गळताना आणि पाणी वाढताना, @रातराणी आणि @वाशिष्ठीताईंनी सांगितलेलं सगळं तपासून. विकायचं की नाही ते दिवाळीनंतर चौघं बसून. आत्यालाही बोलावून.

कागदोपत्री
अगदी योग्य केलंत. अर्ज उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात द्यायचा. आजोबा, आजी आणि बाबा तिघांचे मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र. आजीचा दाखला जुना म्हणून मिळायला वेळ लागेल, त्याच्यापासून सुरुवात करा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सांजवात
आत्याला माझा नमस्कार सांग.

माळवद
ओसरीताई, ते उखळ उघडणार असाल तर पहारीने ठोकू नका, शहाबादी तडकते आणि उखळाची कडही जाते. सांध्यातला सिमेंट आधी बारीक छिन्नीने कोरून काढायचा चारी बाजूंनी, मग दोन बाजूंनी पटाशी घालून फरशी अख्खी उचलायची. आत माती भरलेली असेल, ती हातानेच काढा.

ओसरी
बरं झालं सांगितलंत. गवंडी गुरुवारी येतोय. आत्या म्हणतेय माती ती काढणार.